चाळीस कोयते

सत्यभामा सानपने उसाची मोळी बांधता बांधता हातावरची घामपट्टी सोलून काढली, पदराला पुसली आणि नवऱ्याच्या दंडावर चिकटवली. दुपारपर्यंत पट्टी लावायची पाळी तिची, दुपारनंतर त्याची. बांधावरून येणाऱ्या शाहीन मुलाणीने ते पाहिलं आणि तिचं डोकंच सणकलं.

"अहो, हे काय चालवलंय?"

"एकच आली की ताई आम्हाला," अंकुश म्हणाला. "मग वाटून लावतो."

घामपट्टी पोस्टाच्या तिकिटाएवढी. घामातले क्षार मोजून मूत्रपिंडं कधी बंद पडणार, ते दोन दिवस आधी सांगायची. फेब्रुवारीतच पारा त्रेचाळीसवर जायला लागल्यापासून उसाच्या फडात धडधाकट माणसं उभ्याउभ्या कोसळत होती. शाहीनच्या संस्थेने वर्षभर सरकारी ऑफिसचे उंबरे झिजवून या पट्ट्या मिळवल्या. मुकादमाने यादी दिली : चाळीस कोयते. ऑफिसातल्या हुशार मंडळींनी मोजून चाळीस पट्ट्या धाडल्या. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, हे फडातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ऑफिसच्या अर्जाला ठाऊक नव्हतं. उरलेल्या चाळीस पुढच्या हंगामात मिळणार होत्या. तोवर जोडीतल्या एकाने तरी लावा, असं सांगून शाहीनने होत्या तेवढ्या वाटून टाकल्या होत्या.

आज सकाळी शाहीनच्या मोबाईलवर सानपांच्या नावापुढे लाल रेघ उमटली, म्हणून ती जीप घेऊन धावत आली होती. आता ही रेघ कुणाची म्हणायची? यंत्राने दोघांच्या घामातून एकच माणूस रचला होता आणि तो परवा कोसळणार होता.

"दोघंही चला दवाखान्यात."

"अन् बैलं कुणाच्या गळ्यात घालू?" अंकुश म्हणाला. "जो तो आपापल्या गाडीत गुंतलाय. हिला न्या. सकाळी ओकली ती."

"मला काय धाड भरलीय? ह्यांनाच न्या, ताई. पाय बघा कसे सुजलेत."

पाय दोघांचेही सुजले होते. रक्त तपासायचं तर तालुक्यालाच जायला हवं होतं. लघवीला आडोसा नाही म्हणून बाया दिवसभर पाणी पीत नाहीत, हे शाहीन दहा वर्षं बघत आली होती; रेघ हिचीच असणार, असं तिने धरलं. तिने सत्यभामाला जीपमध्ये बसवलं आणि पट्टी काढायची नाही, असं अंकुशला बजावलं.

तासाभराने मोबाईल वाजला. 'व्यक्ती तीच आहे का?' यंत्र विचारत होतं. आता घाम एकट्या अंकुशचा होता आणि रेघ काळपट लाल झाली होती. तिच्याखाली दोन दिवस नव्हे, सहा तास लिहिलं होतं. शाहीनने लगेच फोन लावला. अंकुशचा फोन लागेना.

"गाडी वळवा," ती ड्रायव्हरला म्हणाली.

सत्यभामाला वाचता येत नव्हतं, पण रंग कळत होता. "ते आता गाडी भरून कारखान्याच्या वाटेला लागले असतील," ती म्हणाली. "तिथं पाचशे गाड्या असत्यात. आमची कुठली, ते दावतंय का ह्याच्यात?"

दाखवत नव्हतं. मुकादमांनी माणसांचा माग काढू नये, म्हणून पट्टीने ठिकाण सांगायचं नाही, असा हट्ट संस्थेनेच धरला होता. त्या बैठकीत सगळ्यात चढा आवाज शाहीनचा होता.

"नाही दाखवत," शाहीन म्हणाली.

सत्यभामाने त्या लाल रेघेवर बोट ठेवलं.

"मग ताई, हे आपल्याला आधी कळून काय उपेग झाला?"