बासष्ट चिठ्ठ्या आणि एक सही

वाऱ्यानं माझ्या हातातल्या चिठ्ठ्या उडवल्या, आणि त्यातली एक जाऊन चिकटली ती किशनलालच्या सदऱ्याला. सन पासष्टचा फाल्गुन, नंदुरबारच्या कॉलेजचं मैदान... आणि खापर गावच्या मारवाडी दुकानदाराचा हा उंच मुलगा हसत उभा!

चिठ्ठीवर माझाच प्रश्न होता — 'भांग-गांजावरची बंदी उठवावी का? नाव लिहू नये.' त्यानं सायकलच्या सीटवर कागद ठेवून तिथंच उत्तर लिहिलं आणि खाली झोकात सही ठोकली.

वर्गात मुलगी मी एकटीच, तापीकाठच्या गुजर पाटलांची जसोदा. या चिठ्ठ्यांवरून लिहायचा निबंध चांगला झाला तर पुण्याला विद्यापीठात वाचायला मिळणार होता. पण चिठ्ठ्या उघडल्या आणि माझा हिरमोडच झाला. बासष्टांपैकी एकसष्ट एका सुरात — 'बंदी हवीच. आम्ही शिवतसुद्धा नाही.' अन् होळीला यातलेच कितीतरी जण झिंगून नाचताना साऱ्या गावानं पाहिले होते! सर म्हणाले, "हे असलं खोटं मी पुण्याला पाठवणार नाही."

एकट्या किशनलालनं लिहिलं होतं — 'उठवावी. होळीला मी घेतो. आई स्वतः वाटते.'

गाठलंच त्याला. "बाकीनासनी खोटं काबर लिखं?"

"सगळा तुले ताई म्हनतस ना! ताईले खरं कोन सांगस?"

"आनि तू?"

"मी कव्हय ताई म्हनं तुले?" त्यानं असं पाहिलं... माझे कान तापले.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यासमोर उभी राहिले. "ज्यांना ताई म्हणायचंय त्यांनी राखी बांधून घ्यायला घरी यावं. इथं मला खरं उत्तर हवंय."

चिठ्ठ्या पुन्हा वाटल्या. चौतीस जण म्हणाले उठवा, सव्वीस म्हणाले नको, दोघांनी लिहिलं, वडिलांना विचारून सांगतो. माझं मत? बंदी राहावी. पण ते मला कोणी विचारलंच नव्हतं!

महिन्यानं पुण्याहून बोलावणं आलं. माझ्या निबंधाला! मला माझाच एवढा अभिमान वाटला की पत्र घेऊन मी धावतच मैदानात गेले.

"घर सांगं का?" किशनलालनं विचारलं.

"नही. पह्यले तुलेच सांगी ऱ्हायनी."

तो जवळ सरकला. मग हळूच — "तुन्हा आबाले भेटाले येऊ?... पन त्या भांगनं विचारतीन."

"खरं सांगी दे."

"आनि तुन्हं विचारं तं?"

मान खाली घालायची माझी सवय त्या दिवशी मोडली. सरळ त्याच्या डोळ्यांत पाहत मी म्हटलं, "तेबी खरंच सांग."