एका पोत्याचं तेल

शमें ग्रेनिएच्या बाजारातून मी भिजत घरी आले, तेव्हा आमच्या परसात एक परका माणूस आमचं बेण्याचं आलं उकळत होता.

आधी वास आला. ऊबदार, गोडसर, लिंबाच्या सालीसारखा... क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग स्वयंपाकघरामागच्या सावलीतलं पोतं दिसलं. रिकामं!

ही आमच्या बेटावरची, अठ्ठ्याहत्तरच्या ऑगस्टमधली गोष्ट. त्या साली आल्याला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून न खपलेल्या आल्याचं तेल कसं काढायचं हे दाखवायला सरकारनं गावोगाव माणसं धाडली होती. आमच्या वाट्याला आला तो क्युरपिप शहरातला चंद्रमोहन. जाड चष्मा, बंगल्यातलं मराठी, आणि नळी लावलेलं एक तांब्याचं मोठं भांडं. आईनं त्याला सांगितलं, आलं मागं आहे, लागेल तेवढं घ्या. मागं दोन पोती होती. एकात तुटकं, न विकलेलं आलं. दुसऱ्यात पुढच्या लावणीसाठी निवडून ठेवलेलं बेणं, नुकते मोड फुटलेलं.

या शहाण्यानं मोडाचं पोतं उचललं! का, तर त्यांच्या घरी बटाट्याला मोड आले की टाकून देतात. चांगलं आलं बाजारात जावं म्हणून त्यानं बिचाऱ्यानं 'खराब झालेलं' आधी वापरलं होतं.

"पार्दों, माफ करा," तो चाचरत म्हणाला. "मला वाटलं, सडायला लागलंय..."

"अहो मिस्ये, ते सडत नव्हतं, जगायला लागलं होतं," मी म्हणाले. "आता आमच्या रानात काय लावू? तुमचा चष्मा?"

हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतंच. रान साखर कारखान्याच्या मालकाचं, आमच्याकडे खंडानं. सप्टेंबर संपायच्या आत लावणी झाली नाही, तर तो तिथं ऊस घालणार, हे ठरलेलं. बाबा गेल्यापासून आई आणि मी ते रान नेटानं धरून होतो. आणि या दिवसांत बेणं बाजारात मिळत नाही. आमच्यात ते परक्याला देतही नाहीत. नात्यातल्या घरालाच द्यायचं, नाहीतर आपलं रान आटतं अशी समजूत. आणि आमच्या नात्यात आलं लावणारं कुणी नव्हतं.

अख्ख्या पोत्याचं तेल निघालं ते खोकल्याच्या औषधाच्या बाटलीभर. फिकट पिवळं. मी चिडून एक थेंब जिभेवर घेतला. वास घमघमीत, पण आल्याचा झणका कुठे होता?

तो उत्साहानं समजावायला लागला. वाफेबरोबर फक्त वास वर येतो, तिखटपणा चोथ्यात राहतो. मी म्हटलं, म्हणजे कामाचं तेवढं तुम्ही फेकून देता. तरी तो सांगतच राहिला. परदेशात हे तेल अत्तरात जातं, मिठाईत जातं. क्युरपिपच्या गारठ्यात त्याच्या आईला सर्दी झाली की गरम पाण्यात दोन थेंब टाकून वाफ घेते. नुसतं मात्र कातडीला लावायचं नाही, पोळतं. आईनं लगेच खोबरेल तेलात तीन थेंब घालून गुडघ्याला चोळलं आणि पाव तासानं म्हणाली, ऊब आली गं, पोरगा गुणाचा आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्या रविवारी तो बसनं आला. पिशवीत मूठ-दोन मुठी बेणं. मी चहाचा कप त्याच्यापुढं आदळला.

"राग गेला नाही अजून?" त्यानं विचारलं.

"वाढलाय."

"किती?"

"पोतं भरेपर्यंत पुरेल इतका."

"मग सावकाश भरतो," तो म्हणाला, आणि खाली बघून हसला.

असे पाच रविवार गेले, दर वेळी पिशवी आणखी जड. पोतं भरत आलं. कुठून आणता, असं विचारलं की तो चष्मा पुसायला लागायचा. सहाव्या रविवारी त्याच्या आधी मोंतान्य ब्लांशहून सत्यवतीमावशी आली. हातात कोरं पातळ, आणि डोळ्यांत पाणी. माझ्याकडे बघत आईला म्हणाली, निर्मलाचं लग्न ठरलं आणि सख्ख्या मावशीला कळवलंसुद्धा नाही? तुझा होणारा जावई आमच्या बाजूला त्याच्या नात्यातल्या अकरा घरी फिरला, सासरच्या रानासाठी बेणं द्या म्हणून!

तो फाटकातून आत आला तेव्हा मी वाटच बघत होते.

"हे बेणं मी लावणार नाही," मी म्हणाले. "खोटं बोलून आणलंत तुम्ही. आमचं नाव घेऊन."

"मग रान जाईल."

"जाऊ दे."

पाऊस भुरभुरत होता. त्यानं चष्मा काढला, आणि या वेळी पुसला नाही.

"पहिल्या घरी खोटं बोललो, ते कबूल," तो म्हणाला. "दुसऱ्या घरी एका म्हातारीनं विचारलं, मुलगी कशी आहे? मी म्हटलं, रागीट आहे, पण आधी चहा देते आणि मग ओरडते... मी अर्धा तास सांगत बसलो. त्यानंतर ते मला खोटं वाटेना. तुम्ही नाही म्हणालात, तर अकराही घरी जाऊन खरं सांगतो आणि पाया पडून तुमच्यासाठी बेणं मागतो. पण रान वाचवायला म्हणून हो म्हणू नका."

हा माणूस मला आवडतो, हे मला दोन रविवारांपूर्वीच कळलं होतं. खरं तर सगळा राग तो आवडतो याचाच होता.

"अकरा घरी सांगितलंत," मी म्हणाले. "बाराव्या घरी का नाही विचारलंत?"

"बारावं... कुठलं?"

"हे. आई आत बसलीय. ती हो म्हणाली, तर मीही म्हणेन."

तो उंबऱ्याला अडखळत आत गेला. मी विळी घेतली, पोतं ओढलं आणि बेणं तोडायला बसले, दर तुकड्यावर मोडांचे दोन डोळे राखून. आतून मावशी आनंदानं रडायला लागली. आईनं हाक मारली, निर्मला, चहा टाक गं. मी ओरडून सांगितलं, जावयाला टाकायला सांग, मला उद्या सकाळी लावणी आहे.