निळं पाणी लाल का होतं?

"उद्या दुपारी पोरीले घेऊन जा म्हनते तिच्या सासरचे," वारलू म्हणाला. "सासऱ्याले चोरून साखर चारते, असा आळ हाये तिच्यावर."

१९५७ सालचा मार्च. ब्रह्मपुरीच्या बाजारामागं भैयाजी तलमले यांची खोली होती. भैयाजींची वीस वर्षं जंगल खात्यात चोरीचं सागवान हुडकण्यात गेली. नोकरी सुटली, पण हुडकायची खोड सुटली नाही. आता लोक घरगुती भानगडी घेऊन येत. सोबतीला सोमाजी मास्तर असत, शाळेतून निवृत्त झालेले. मास्तर माणूस सोन्यासारखा, पण निष्कर्ष काढण्यात भलतेच उतावीळ.

वारलूनं हकिगत सांगितली. त्याची मुलगी कुंता आरमोरीत दिली होती, गुणवंतराव भोयर यांच्या मुलाला, लटारूला. गुणवंतरावांना मधुमेह. पायाच्या अंगठ्याला जखम झालेली, ती दोन महिने भरत नव्हती. रक्तातली साखर उतरली नाही तर नागपूरला नेऊन पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चहात घालायच्या सॅकरिनच्या गोळ्यांची बाटली कुंताच्या ताब्यात असायची. मग बोट तिच्याकडेच वळलं.

"तिनं केलं नसेल कशावरून?" मास्तरांनी विचारलं.

"केलं असन त मी सोताच घेऊन जाईन, मास्तर. पन केलं नसन आन मी तिले घेऊन आलो, त मंग जलमभर ते साखर चारनारीच राहीन. तिच्या नावाचा डाग कोन पुसन?"

भैयाजींनी टोपी चढवली. तिघं नावेनं वैनगंगा उतरून दुपारी आरमोरीत पोचले. वारलू एका सोयऱ्याकडे थांबला आणि हे दोघे थेट दवाखान्यात गेले.

डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे. दिवाळीत इकडे आलेले. दर सोमवारी ते गुणवंतरावांची लघवी तपासत. निळ्या औषधात चार थेंब टाकून उकळायचे. साखर नसेल तर पाणी निळंच राहतं, थोडी असेल तर हिरवं होतं, फार असेल तर विटकरी लाल.

"संक्रांतीपर्यंत निळं-हिरवं होतं," कार्ड दाखवत डॉक्टर म्हणाले. "नंतर प्रत्येक सोमवारी लाल."

"प्रत्येक नाही," भैयाजी कार्डावर वाकून म्हणाले. "शिवरात्रीनंतरच्या सोमवारी हिरवं आहे."

"हो, एकदाच. मला वाटलं, औषध लागू पडलं. पुढच्या सोमवारी पुन्हा लाल."

भोयरांच्या घरी चूल पेटलेली होती. स्वयंपाकघराच्या भिंतीवर डॉक्टरांच्या हातची यादी खळीनं चिकटवली होती. 'वर्ज्य: साखर, गूळ, मध, काकवी, ऊस, केळी, आंबा, खजूर.' भैयाजींनी ती दोनदा वाचली.

कुंता वीस-बावीसची असेल. रडून झालेलं होतं, आता नुसती ताठ उभी होती.

"गोळी कधी टाकतेस, बाई?"

"चहा उतरवल्यावर. चुलीवर राह्यली त कडू होते. आधी एकदा उकळून बसली होती, त मामाजीनं कप फेकला." मामाजी म्हणजे तिचे सासरे.

"घर सोडून कुठं गेली होतीस का, संक्रांतीपासून?"

"एक दिवस नाई. शिवरात्रीले आत्याबाई मार्कंड्याच्या जत्रेले गेल्या, तवा आठ दिवस सारं मीच रांधलं."

आत्याबाई म्हणजे रंभाबाई, गुणवंतरावांची विधवा थोरली बहीण. घरातलं रांधणं त्यांच्याकडे होतं. त्या चुलीपाशी बसून गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, काळपट पाणी ढवळत होत्या.

"काय शिजून राह्यलं?" मास्तरांनी वाकून पाहिलं.

"मोहफुलं."

"म्हणजे दारू!"

"जीभ आवरा, मास्तर!" रंभाबाई कडाडल्या. "या घरात दारूचा थेंब येत नाई. गरिबाच्या घरी मोहफुलं खाऊनच लेकरं वाढली, तुमाले काय मालूम?"

मास्तर मागं सरले. भैयाजींनी विचारलं, "भावाच्या जेवणाचं तुम्हीच पाहता ना?"

"मीच पाह्यते. ज्वारीची भाकर, भाजी, आन संध्याकाळी एक पानगा, पळसाच्या पानात भाजून. साखर नाई, गूळ नाई, भितीवर लिहिलं त्यातलं काईच नाई. देवाची आन." त्यांनी कुंताकडे नजर टाकली. "आन तो चहा कोन करते, ते तुमी पाह्यलंच."

मागच्या अंगणात उकिरड्यावर अर्धी जळकी पळसपानं पडली होती. भैयाजींनी एक उचललं. पानाला काळसर, चिकट थर होता, बोटाला लागला. त्यांनी पान रुमालात गुंडाळलं.

"पत्रावळी लावता का आता?" मास्तर पुटपुटले.

गुणवंतराव ओसरीवर पाय उंचावून पडले होते. अंगठ्याला जाड पट्टी. मूळचा माणूस दांडगा, आता गालफडं बसलेली.

"गोड खायला मिळतं का कुठं?"

"गोड? चहा औषधावानी, भट्टीवाल्या बाबुलालची नानकटाई कडू. तोंडाची चवच गेली."

"आणि रंभाबाईंचा पानगा?"

गुणवंतरावांनी मान दुसरीकडे वळवली. "पानगा पानग्यावानी," ते म्हणाले आणि पट्टीशी चाळा करू लागले.

शेवटी बाबुलालची भट्टी. तो गुणवंतरावांसाठी वेगळी नानकटाई भाजत असे.

"साखर घालतोस तू त्यात," मास्तरांनी तोंडावरच ठोकून दिलं. "गिऱ्हाईक टिकवायला."

"अजी, या दोन पाहा आन सोताच सांगा," बाबुलाल म्हणाला.

एक नानकटाई पसरलेली, भेगाळलेली, वरून तांबूस. दुसरी पांढरीफटक, गोळा ठेवला तसाच उभा.

"साखर असली त पीठ पसरते, रंग धरते. गोळीनं रंगबी नाई, पसरनंबी नाई. इलायची घातली तरी कडूच लागते. रावसाहेब रोज शिव्या देते, तरी घेते."

मास्तरांनी पांढरी तोंडात घातली आणि तोंड वाकडं केलं.

"शिवरात्रीला भट्टी चालू होती?"

"आठ दिवस बंद. मार्कंड्याच्या जत्रेत दुकान लावलं होतं ना."

"सुटलं!" बाहेर येताच मास्तर म्हणाले. "कुंता घरी, बाकीचे जत्रेत. तीच!"

"मास्तर," भैयाजी हसले, "शाळेत वजाबाकी तुम्हीच शिकवायचे ना?"

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे भोयरांच्या ओसरीवर जमले. डॉक्टर स्पिरिटचा दिवा, परीक्षानळ्या आणि निळं औषध घेऊन आले होते. लटारू खाली मान घालून खांबाला टेकला होता. कुंताची पेटी दारात होती. वारलूला कुणी आत बोलावलं नव्हतं. तो बाहेर ओट्यावर बसला होता.

"संक्रांतीपासून पाणी लाल येतंय," भैयाजींनी सुरुवात केली. "फक्त एका सोमवारी नाही आलं. त्या आठवड्यात चहा कुंतानं केला, जेवणही कुंतानं केलं. तिच्या हाताला साखर असती, तर त्या सोमवारी पाणी सगळ्यात लाल व्हायला हवं होतं. झालं हिरवं. तेव्हा कुंता वजा."

लटारूनं मान वर केली.

"त्या आठवड्यात दोन गोष्टी घरात आल्या नाहीत. बाबुलालची नानकटाई आणि रंभाबाईंचा पानगा. नानकटाई पांढरी, न पसरलेली आणि कडू. तिच्यात साखर नाही, हे मास्तरांच्या जिभेनंच सिद्ध केलं. उरला पानगा." त्यांनी रुमाल सोडला. "तांदळाच्या फिक्क्या पिठाचा पानगा पानातून स्वच्छ सुटतो. याला काळं, चिकट काहीतरी लागलंय. गोड पदार्थ विस्तवावर करपला की असाच चिकटतो."

"मी आन घेतली होती!" रंभाबाई ओरडल्या. "साखर नाई, गूळ नाई!"

"तुम्ही खोटं बोलला नाहीत, बाई. पानग्याचं पीठ तुम्ही मोहफुलांच्या पाण्यात भिजवता. डॉक्टर, ते गंजातलं पाणी तपासा."

डॉक्टरांनी दोन नळ्यांत निळं औषध घेतलं. एकीत सॅकरिनचं पाणी टाकून उकळलं. निळंच राहिलं. दुसरीत मोहफुलांच्या काढ्याचे चार थेंब. नळी दिव्यावर धरली, आणि पाणी हिरवं, पिवळं होत होत विटकरी लाल झालं.

डॉक्टरांनी दिवा विझवला.

"यादी माझी आहे," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले. "आमच्याकडे मोहफूल म्हणजे दारू, एवढंच ठाऊक. त्याच्या पाण्यात पीठ भिजवतात, हे मला माहीत असतं तर पहिलं नाव तेच लिहिलं असतं."

रंभाबाई खालीच बसल्या. "मले वाटलं, झाडाचं फूल हाये. संक्रांतीपासून त्यानं जेवन टाकलं होतं, मास्तर, म्हनून पानगा केला. मायबिगर वाढलेला भाऊ. लहानपनी दुकाळात याच फुलावर मी त्याले जगवला. आन आता त्याचाच पाय…" मग त्या कुंताकडे वळल्या. "मी तुह्या नावानं सारा गाव उठवला, पोरी."

मास्तरांचे डोळे भरून आले. "म्हणजे दोषी कुणीच नाही," ते म्हणाले.

"आहे," भैयाजी म्हणाले. आता त्यांचा आवाज कडक होता. "रंभाबाई भावाच्या पथ्याचा घास कधी चाखत नाहीत, पानगा किती गोड होतो हे त्यांना कळायचं नाही. मोहफूल गोड असतं हे त्यांना ठाऊक, पण ते पायाला बाधेल हे ठाऊक नव्हतं. गुणवंतराव, सगळ्या पदार्थांची चव तुम्ही मला सांगितलीत. पानग्याचं विचारलं तेव्हा मान फिरवलीत. पानगा गोड आहे हे तुमच्या जिभेला रोज कळत होतं, आणि साखर कुठून येते म्हणून हे घर सुनेला विचारत होतं."

गुणवंतरावांनी पट्टीवरचा हात काढला.

"वाटलं, फुलानं काय होते," ते म्हणाले. "मंग पानी लाल होत गेलं, तवा समजलं. पन सांगितलं असतं त तेवढंबी बंद झालं असतं. अख्ख्या दिवसात एक घास गोड होता."

"आन मी गेली असती त, मामाजी?" कुंतानं विचारलं.

लटारू पेटी उचलून आत नेऊ लागला, तशी कुंतानं ती धरली.

"थांबा. आळ चार लोकांत घेतला होता. माहा बाप बाहेर बसून हाये. आत बोलवू नका त्यायले. जे सांगाचं ते तिथं जाऊन सांगा."

रंभाबाई उठू लागल्या. "बाई, तू बस," गुणवंतराव म्हणाले. त्यांनी पाय खाली टेकला. डॉक्टर पुढं झाले, तर त्यांना हातानंच थांबवलं. भिंत धरत, कण्हत ते ओसरी उतरले आणि बाहेरच्या ओट्याशी गेले. गल्लीतले लोक थबकून पाहू लागले.

"व्याही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमच्या पोरीनं काई केलं नाई. मले मालूम होतं, मी बोललो नाई. चोर मी हाये."

वारलू उठला. त्यानं काखेत हात घालून त्यांना ओट्यावर बसवलं.

"पाय टेकू नका जी," तो म्हणाला. "अजून वाचन तो."

मग त्यानं दाराकडे पाहिलं. कुंता उंबऱ्यात उभी होती.

"बाबा, घाटावरची नाव सुटाच्या आत निघा," ती म्हणाली. "मी इथंच, आपल्या घरी हावो."