विनंती थांबा

करकचून ब्रेक लागला, दार सरकलं, आणि मेट्रनबाई चढल्यासुद्धा. बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं – ही बस नव्हेच.

चर्चची व्हॅन होती ती, म्हाताऱ्याकोताऱ्यांना रविवारच्या उपासनेला नेणारी. चालवणारा गृहस्थ निवृत्त बसड्रायव्हर. बसथांबा दिसला की पाय आपोआप ब्रेकवर. जित्याची खोड, दुसरं काय!

“चुकून थांबलो. उतरवू का?” त्यानं आरशातून विचारलं.

“चढलेच आहे तर... असू दे.”

घरी जाऊन तरी काय करणार होत्या? हॉस्पिटलनं निरोपाला दिलेली आरामखुर्ची त्यांना पाहवत नव्हती. निवृत्त झाल्यापासून जो तो एकच सांगायचा, खूप केलंत, आता थांबा. या शब्दाचा बाईंना वीट आला होता. वॉर्डात असल्यासारख्या त्या रोज उशांचे अभ्रे बदलत, आणि त्या उशांवर झोपणाऱ्या त्या एकट्याच.

मग काय, त्या रविवारनंतर आठवड्याचे सगळे दिवस बाई व्हॅनमध्येच. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जायचं, बाईंनी जखमा धुवायच्या, ड्रायव्हरनं स्तोत्र वाचायचं – बसच्या शेवटच्या सीटपर्यंत पोचेल अशा आवाजात. ठार बहिरे आजोबासुद्धा वेळेवर आमेन म्हणायचे. प्रार्थनेत एक डोळा उघडा ठेवायची बाईंना जुनी सवय, पेशंटवर लक्ष हवं म्हणून. हल्ली तो डोळा भलतीकडेच जायचा. एकदा बघतात तर ड्रायव्हरचाही एक डोळा उघडा...

“आरशात बघायची सवय,” तो पुटपुटला. कान मात्र लाल झाले होते.

या वयात हे काय, म्हणून बाई स्वतःवरच चिडल्या. त्यात लेकीचा फोन आला. कायमची ये, नुसती बसून राहा, काडी इकडची तिकडे करायची नाही. बाई घाबरून हो म्हणून बसल्या. लेकीला घाबरून नव्हे, त्या उघड्या डोळ्याला.

स्टेशनवर सोडायला अर्थातच व्हॅन. पहिल्या थांब्यावर ती थांबली. दुसऱ्यावरही.

“कुणी नाहीये तिथं,” बाई म्हणाल्या. पर्सचा चाप उघडत होत्या, मिटत होत्या.

“दिसतंय.”

“गाडी चुकेल माझी.”

तिसऱ्या थांब्यावर त्यानं इंजिनच बंद केलं. खांबावर पाटी होती, विनंती थांबा.

“इथं हात दाखवला तरच बस थांबते,” तो म्हणाला आणि स्टिअरिंगवरचा हात त्यानं वर केला. “चर्चसाठी म्हणत नाही, पेशंटसाठीही नाही. मला तुम्ही हव्या आहात. थांबा.”

तोच नकोसा शब्द. पण बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

“थांबून करू काय?”

“उद्या आजोबांचं ड्रेसिंग आहे. परवा पलीकडच्या गल्लीत एक नवीन आजी. आणि रोज संध्याकाळी... माझ्याबरोबर चहा.”

“आणि आराम?”

“तो प्रभूच्या घरी गेल्यावर. तिथं वेळच वेळ आहे.”

बाईंनी फोन काढला. “नाही येत गं आता. सुट्टीत येईन चार दिवस. तब्येतीला काही नाही झालं... थांबलेय फक्त.”

मग त्या पुढच्या सीटवर येऊन बसल्या.

“चला. आणि आता वाटेत कुठं थांबू नका.”