एकटीचा फोटो

चांदण्यात संत्रं केशरी दिसत नाही. निशिगंधाने त्या संध्याकाळी हे नीट पाहून घेतलं होतं. ट्रायपॉडच्या उजव्या हाताला, डोळ्यांच्या पातळीवर एक फळ लोंबत होतं. दिवस मावळेपर्यंत त्याची एक बाजू हिरवी आणि दुसरी केशरीकडे झुकलेली होती. चंद्र वर आला तशा दोन्ही बाजू सारख्याच राखाडी झाल्या. इतक्या कमी उजेडात डोळ्याला रंग कळत नाहीत, एवढंच त्याचं कारण. कॅमेऱ्याला ते कारण लागू नाही. त्याचा पडदा आठ सेकंद उघडा ठेवला की तो येईल तेवढा उजेड साठवत राहतो, आणि फोटोत संत्रं पुन्हा केशरी होतं.

निशिगंधा खामगावच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायची. सोनाळ्याच्या या संत्र्याच्या बागेत ती दर कोजागिरीला धाकटी सून म्हणून यायची. यंदा कॅमेरा घेऊन आली, कारण सासूने, शालूबाईंनी, तसं बजावलं होतं.

"दरसाली मोबाइलवर काढता अन् सारेच्या सारे काळेठिक्कर येतेत," त्या म्हणाल्या होत्या. "यंदा भिंतीवर लावासारखा पायजे. चांगला."

"आमच्या लग्नात फोटोवाल्यानं एकच फोटो काढला होता," सासरे पुंजाजी बाजेवरून म्हणाले. "त्यातबी तुही सासू डोये मिटून हाये. तवाच समजाले पायजे होतं मले."

चुलत घरची माणसं हसली. चुलीवरच्या कढईत दूध आटत होतं, बाजूच्या परातीत आलूबोंडे निथळत होते. उत्तरेला सातपुड्याची काळी रेघ, आणि बागेच्या तोंडाशी विहिरीच्या मोटारीची खोली. तिला दसऱ्याला चुना मारला होता, त्यामुळे चांदणं तिच्यावर दुधासारखं साचलं होतं. त्याच भिंतीपुढे सतरंजी अंथरून शालूबाईंनी दोन पाट मांडले होते.

कोजागिरीला घरातल्या मोठ्या लेकराला ओवाळायची पद्धत. त्याला आयुष्य मागायचं. या घरातलं मोठं लेकरू म्हणजे गजेंद्र, निशिगंधाचा थोरला दीर. नऊ वर्षांपूर्वी तो संत्र्याच्या गाडीबरोबर बऱ्हाणपूरला गेला. गाडी परत आली. तो आला नाही. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, ठिकठिकाणचे महाराज झाले. पहिल्या वर्षी शालूबाईंनी त्याचा पाट रिकामाच मांडला आणि रिकाम्या पाटाला ओवाळलं. दुसऱ्या वर्षी मात्र त्यांना ते बरं वाटेना. ओवाळणं घेणारं कोणीतरी हवं. म्हणून त्यांनी शेजारी दुसरा पाट टाकून त्यावर गजेंद्रची बायको पुष्पांजली हिला बसवलं, आणि त्याच्या नावाचं कुंकू तिच्या कपाळाला लावलं, त्याच्या वाटचं दूध तिला प्यायला लावलं. तेव्हापासून तसंच चालत आलं होतं.

यंदा कोजागिरीच्या दुपारी बटाटे सोलताना पुष्पांजली हळूच म्हणाली होती, "मले एक फोटो काढून देजो. एकटीचा."

"कशाला, ताई?"

"मेहकरले पाठवाचा हाये. त्याच्या बहिणीनं मांगतला."

मेहकरचं स्थळ म्हणजे राजकुमार. एसटीत कंडक्टर, बायको वारलेली, स्वभावाने शांत. निशिगंधाच्याच ओळखीतून बोलणं निघालं होतं. वकिलानेही अडचण नाही म्हणून सांगितलं होतं. अडलं होतं ते एकाच ठिकाणी, सासूपाशी.

"म्हणजे हो म्हटलं तुम्ही?"

"आत्याबाईले सांगा लागन ना आंधी."

"चैत्रापासून ऐकून राहिले मी हे."

"सांगन ना. सन होऊ दे."

"सण झाला की दिवाळी येईल."

"मंग दिवाळी होऊ दे," पुष्पांजली म्हणाली आणि स्वतःच हसली. मग हसू थांबवून तिने सालींचा ढीग गोळा केला. "तू समजते तितकं सोपं नाई ते. मी उठली तं त्याच्या जाग्यावर कोन बसन, असं वाटते."

दूध आटत आल्यावर निशिगंधाने सगळ्यांना सतरंजीवर आणि पुष्पांजलीला तिच्या पाटावर बसवलं. मोबाइल विझवायला लावले, चूल कढईआड झाकली. "आठ सेकंद कोणी हलायचं नाही," ती म्हणाली. "जो हलेल तो पुसट येईल."

"श्वास घ्याचा का नाई?" पुंजाजींनी विचारलं.

"घ्या, मामाजी. पण बोलू नका."

"मंग हे तुही सासू पुसटच येते."

पडदा उघडला, आठ सेकंदांनी मिटला. तिने कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर पाहिलं. भिंत स्वच्छ, आभाळ निळं, पुंजाजींच्या टोपीची कड सुईसारखी रेखीव. शालूबाई, निशिगंधाचा नवरा हर्षल, चुलत सासरे, सगळे जागच्या जागी. पुष्पांजली मात्र पातळ आली होती. तिच्या हिरव्या लुगड्यातून मागच्या भिंतीचा चुना दिसत होता.

यात गूढ काही नव्हतं. आठातले चारच सेकंद जो माणूस जागेवर असेल तो अर्धाच उमटतो आणि त्याच्या आरपार मागचं दिसतं. विद्यार्थ्यांना ती हे मेणबत्ती लावून दाखवायची.

"ताई, तुम्ही मधेच उठलात."

"मी कुठी उठली?" पुष्पांजली म्हणाली. "तांब्यासारखी बसून होती."

"वहिनी कायले उठते," हर्षल म्हणाला. "मी बाजूलेच होतो. काढ दुसरा."

दुसऱ्या वेळी निशिगंधाने कॅमेऱ्याकडे पाहिलंच नाही. पुष्पांजलीकडे पाहत राहिली. पाटावर मांडी, मांडीवर हात, हातात अक्षता. पापणीसुद्धा लवली नाही.

फोटोत ती आणखी पातळ होती. आणि शेजारच्या रिकाम्या पाटावर काहीतरी काळसर होतं, जणू कोणी थोडा वेळ येऊन बसून गेलं होतं.

तिने लेन्स पुसली, ओढणीने नाही, पिशवीतल्या मऊ कापडाने. पडदा तपासला. मग रिकाम्या पाटावर पाण्याचा तांब्या ठेवून एक फोटो काढला. तांब्या धातूच्या चकाकीसकट स्पष्ट आला, त्याच्या काठावरचा पोचासुद्धा. कॅमेरा ठीक होता. तिने आधीचे दोन्ही फोटो पुन्हा शेजारी शेजारी लावून पाहिले. पुष्पांजली जेवढी कमी झाली होती, साधारण तेवढंच पलीकडच्या पाटावर भरलं होतं. बेरीज तीच राहिली होती.

तिचे हात गार पडले. ऑक्टोबर होता, रात्री गारवा होताच. तिने त्यालाच कारण धरलं.

"चला ताई, तुमचा तो एकटीचा काढू," ती म्हणाली. आवाज साधा ठेवायला तिला प्रयत्न करावा लागला.

पाटांपासून लांब, धुऱ्याकडच्या, शेताच्या बांधाजवळच्या झाडाखाली तिने पुष्पांजलीला उभं केलं. चांदणं समोरून येईल असं पाहिलं. पुष्पांजलीने पदर सारखा केला, केस कानामागे घेतले, आणि हनुवटी थोडी वर केली. लाजलीही थोडी.

फोटो चांगला आला. रंग नीट आले होते, चेहरा स्पष्ट होता, डोळ्यांत चंद्राचा ठिपकासुद्धा. निशिगंधाने सुटकेचा श्वास सोडला आणि सवयीने फोटो मोठा करून पाहिला. डाव्या खांद्यावर संत्र्याचं एक पान होतं. खांद्यावर पडलेलं नव्हतं. खांद्याच्या मागचं पान खांद्यातून दिसत होतं, त्याच्या शिरांसकट.

"कसा आला?" पुष्पांजलीने विचारलं.

"चांगला आलाय. ताई, आज ओवाळणं घेऊ नका."

"काऊन?"

"असंच. माझं ऐका. आणि आत्याबाईंना आजच सांगा. आत्ता सांगा."

पुष्पांजलीने तिच्याकडे पाहिलं. काऊन हे तिने पुन्हा विचारलं नाही. सतरंजीकडे पाहत ती म्हणाली, "तिथी बसली का मले लय थकवा येते. एखांद्या टायमाले वाटते, उठताच येनार नाई. तुले कसं समजलं?"

तेवढ्यात शालूबाईंनी हाक मारली. ताटात निरांजन लागलं होतं.

"आत्याबाई," निशिगंधा पुढे झाली, "यंदा ताईंना नका बसवू."

"काऊन?"

तिच्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं. म्हणजे सगळं होतं, पण सासूला सांगता येईल असं काही नव्हतं. "त्यांना बरं नाहीये."

"दोन मिनिटांनं काय होते? माह्या लेकराचं ओवाळनं कोनं घ्यावं मंग?" शालूबाईंचा आवाज चढला नाही. त्या कधीच आवाज चढवायच्या नाहीत. "तू फोटो काढ, बाई. याच्याच साठी तं तुले बोलावलं. बस वं पुष्पा."

पुष्पांजली बसली. इतक्या वर्षांची सवय होती. पाय आपोआप दुमडले.

निशिगंधा ट्रायपॉडमागे आली. फोटो काढायचा नाही असं तिने ठरवलं होतं. तरी तिचं बोट बटणावर गेलं. पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि कळल्याशिवाय तिला राहवणार नव्हतं. एवढी खोड शिक्षणाने लागलेली होती.

शालूबाईंनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, सुपारी फिरवली. मग ताट उचललं. "माह्या मोठ्याले आयुष्य दे," त्या पुटपुटल्या. निरांजन गोल फिरू लागलं. पडदा उघडला.

तेव्हा निशिगंधाने काचेवर नाही, भिंतीवर पाहिलं.

निरांजनाच्या उजेडाने माणसाची सावली मागच्या चुन्यावर पडायला हवी होती. एक सावली पडली होती. ताट डावीकडे गेलं की ती उजवीकडे सरकायची, ताट खाली आलं की ती उंच व्हायची. सगळं नियमाप्रमाणे होतं. फक्त ती रिकाम्या पाटामागे होती.

पुष्पांजलीमागची भिंत कोरी पांढरी होती.

पडदा मिटला.

बाकी कोणाचं भिंतीकडे लक्ष नव्हतं. हर्षल दुधाचे पेले भरत होता. पुंजाजी चंद्राकडे पाहत होते. कुठेतरी धुऱ्यापलीकडे टिटवी ओरडली आणि गप्प झाली.

निशिगंधाने काच पाहिली. मग कॅमेरा ट्रायपॉडवरून सोडवला, सतरंजीपर्यंत गेली आणि पुष्पांजलीसमोर गुडघ्यांवर बसली.

"ताई. बघा."

फोटोत दोन पाट होते. एका पाटावर एक माणूस बसला होता. मांडीवर हात, हातात अक्षता, कपाळाला ताजं कुंकू. त्याच्या शर्टाची एकेक घडी मोजता आली असती. तो आठही सेकंद हलला नव्हता.

दुसरा पाट रिकामा होता. तो पुष्पांजलीचा होता.

पुष्पांजलीने पुष्कळ वेळ पाहिलं. चंद्राच्या उजेडात तिचा चेहरा तसाच दिसत होता, नेहमीचा, दमलेला. तिने एक बोट काचेवर ठेवलं, स्वतःच्या रिकाम्या पाटावर, आणि उचललं.

"काय दाखवून राह्यली तिले?" शालूबाई दुधाचा पेला घेऊन आल्या. "घे, पुष्पा. त्याच्या वाटचं पे."

पुष्पांजलीने हात पुढे केला नाही.

तिने दोन्ही तळवे जमिनीला टेकवले आणि उठायला लागली. पहिल्यांदा उठता आलं नाही. निशिगंधाने तिचा दंड धरला. दंड हाताला लागत होता, पण गरम नव्हता, गारही नव्हता. दुसऱ्यांदा ती उभी राहिली. हातातल्या अक्षता सतरंजीवर सांडल्या.

"पुष्पा," शालूबाई म्हणाल्या. "बस खाली."

पुष्पांजली सासूकडे वळली नाही. शेजारच्या पाटाकडे वळली. मान किंचित खाली केली, आणि नजर एका ठिकाणी थांबवली. पाटावर नाही, पाटाच्या हातभर वर, बसलेल्या माणसाचा चेहरा असतो तिथे.

शालूबाईंच्या हातातला पेला कलला. त्याही तिथेच पाहत होत्या.

"मी मेहकरले जाऊन राह्यली," पुष्पांजली म्हणाली. "तुमी बसा."