चिठ्ठी बदललीच नाही

ताईनं सहा खुर्च्या एकदम उचलल्या आणि ती थेट शिडीवर जाऊन आदळली.

"अहो, वर माणूस आहे," वरून आवाज आला.

"मग माणसानं खाली बघून काम करावं."

"खाली बघत बसलो तर पंखा कोण बसवणार?"

हा वायरमन. पाळकांनी चर्चमागच्या आमच्या खोलीतला पंखा दुरुस्त करायला बोलावलेला. तिथे दर शुक्रवारी आमचा तरुण संघ भरतो आणि माझी ताई तो चालवते. म्हणजे चालवायची... आजचा शेवटचा. सातच मुलं येतात, त्यातली दोन डुलक्या काढतात. "इतकी वर्षं घातली, उरलं काय गं?" असं ती कालच म्हणाली होती. आज किल्ली पाळकांना परत करायची, हे ठरलंच होतं. दोन वर्षांपूर्वी चार लोकांपुढे माझी दातखीळ बसायची, ती याच खोलीत सुटली – पण हे तिला सांगायचं राहूनच गेलेलं.

तो खाली उतरला, त्यानं ताईकडे बघितलं, आणि हातातले स्क्रू खिशाऐवजी जमिनीवर टाकले.

"तू... तुम्ही... चष्मा लागला?"

ताईनं चष्मा काढला, पुन्हा लावला. "मागच्या बाकावरचा – चिडीचूप?"

"अजून तेच नाव का?"

चिडीचूप म्हणजे ताईच्या वेळचा संघातला मुलगा. बारा वर्षांपूर्वी कामासाठी दूर गेलेला.

"अजून चिठ्ठ्या काढता?" त्यानं मला विचारलं.

काढतो की. वर्षाच्या सुरुवातीला डब्यातून एका नावाची चिठ्ठी काढायची, त्या माणसासाठी रोज प्रार्थना करायची, कुणाला सांगायचं नाही. पुढची चिठ्ठी मिळेपर्यंत.

"मला पुढची मिळालीच नाही," तो म्हणाला. "त्याआधीच गेलो ना. मग... नियमाप्रमाणे जुनीच चालू ठेवली."

त्यानं पाकिटातून कागद काढला. घड्यांवर चिकटपट्टी. आत ताईचं नाव, तिच्याच अक्षरात.

ताईनं कागद हातात घेतला. "बारा वर्षं? रोज?"

"तापात दोन दिवस चुकले."

"आणि मागितलंस काय?"

"आधी तुझी परीक्षा. मग नोकरी. मग वाटलं, लग्न झालं असेल... म्हणून तुझ्या नवऱ्यासाठीही. ते जरा जड गेलं."

"नवरा नाहीये," मी म्हणाले. ताईनं चिमटा काढला, पण हलकाच.

तो स्क्रू गोळा करत राहिला. मग खालूनच विचारलं, "आता नवी काढू?"

ताईनं चिठ्ठी जुन्याच घड्यांवर दुमडून त्याच्या हातात ठेवली.

"राहू दे," ती म्हणाली. "जुनीच असू दे."

आता नाही तर कधी, म्हणून मीही माझ्या दातखिळीचं सांगून टाकलं. ताईनं डोळे पुसले, माझी वेणी ओढली.

तोवर चिडीचूपनं पंखा बसवून बटण दाबलं. तेवढ्यात पाळक दारात आले. "काय गं, किल्ली देतेस ना?"

ताईची मूठ मिटली. "आज नको. पंखा अजून नीट चालत नाहीये. यांना पुढच्या शुक्रवारी यावं लागेल... त्याच्या पुढच्याही."

पाळकांनी वर पाहिलं. पंखा भरभर फिरत होता.

"हो," ते म्हणाले, "बरंच काम दिसतंय."