क्लच नसलेली गाडी

"पाय उचला बाई, माह्या नट खोलाच्या पान्यावर उभ्या हाय तुमी."

आवाज गाडीखालून आला आणि मी किंचाळलेच. आता यात माझी काय चूक? कापसाच्या कोठारातली आमची ती जुनी अमेरिकन गाडी दोन वर्षांत कोणी हलवली नव्हती. तापल्या इंजिनात कुण्या शहाण्यानं थंड पाणी ओतलं, इंजिन तडकलं, आणि तेव्हापासून ती माझी दुपारची लपायची जागा झाली होती. तिच्याखाली माणूस असेल असं स्वप्नात तरी वाटेल का?

मग एक डोकं बाहेर आलं. केसांत कापूस, गालावर ऑइल, आणि हसणं असं की मला धड रागावताही येईना.

"मी इंद्रभान, इंझोरीचा. दौलतरावांनी बोलावलं मले."

"वरून काम नाई करता येत का?"

"येते न. पन वरून पाह्यलं का गाडी समदं सांगत नाई..."

दौलतराव म्हणजे माझे बाबा. आमच्या अनसिंग गावात त्यांच्या शब्दाला मान होता, पण बैल उधळले, ते बंडीवरून पडले, आणि डावा गुडघा वाकेनासाच झाला. क्लच दाबायचा कशानं? "दुसऱ्यानं नेलं तं जावाचं, असा मी नाई," असं म्हणून त्यांनी लग्नाकार्याला जाणंही सोडून दिलं होतं. तापट माणूस दारातल्या खाटेवर बसून गप्प होत जातो, ते बघवत नाही.

इंद्रभाननं अकोल्याच्या भंगारातून दुसरं इंजिन शोधून आणलं. मी रोज चहा घेऊन कोठारात जायला लागले. (घरात गडी होता चहा न्यायला. पण त्याला कुठं एवढा वेळ!) एका दुपारी त्यानं मला चालकाच्या जागी बसवलं आणि स्टिअरिंगखालची गिअरची दांडी दाखवली.

"हा पह्यला. अन् दुसऱ्याले असं... वर ढकलाचं."

माझ्या हातावर त्याचा हात होता. दुसरा गिअर पडला, तरी तो हात थोडा वेळ तिथंच राहिला... मग दोघंही एकदम काचेबाहेर बघायला लागलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती कापसाची गंजी.

पेच पुढं आला. नव्या इंजिनासोबत त्याचाच गिअरबॉक्स आला होता, आपोआप गिअर बदलणारा. त्याला क्लचच नाही. तो बसवायचा, की नवं इंजिन आपल्या जुन्या, हाताच्या गिअरला जोडायचं?

"हाताचा ठेवला तं मले चालवता येनार नाई," बाबा इंद्रभानला म्हणाले. "पन तुह्या हातावर मले भरोसा हाय. राह्यतोस का आमच्याकडं, ड्रायव्हर म्हनून?"

"सांगतो इचार करून," तो म्हणाला.

त्या दिवसापासून मी हाताच्या गिअरची वकील झाले! "आपोआपचा बिघडला तं इकडं कोन दुरुस्त करन? नाल्याच्या रेतीत गाडी फसली तं?" तो प्रत्येक वेळी मान डोलवायचा. "बराबर हाय तुमचं." मला वाटलं, जिंकलेच. रोज तो दिसणार, रोज ती दांडी, तो हात...

आणि एका सकाळी बाबा म्हणाले, "आपोआपचाच बसवून राह्यला तो. ड्रायव्हरकी नको म्हन्ते."

मी तशीच कोठारात गेले. डोळे भरून आले होते आणि त्याचाच जास्त राग येत होता.

"इथं राह्यचं नव्हतं तं सरळ सांगाचं होतं!"

"राह्यचं हाय... म्हनून तं नाई म्हटलं."

तो कापसाच्या बोंडानं बोटं पुसत होता. निघत काहीच नव्हतं.

"ड्रायव्हर झालो असतो तं मी पुढं अन् तू मांगं," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. "मालकाचा पगार खाऊन मालकाच्या पोरीले आरशातून पाहाचं? मले नाई जमत, रुख्मिणी. अन् मंग तुह्या बापाले काय तोंड दाखवलं असतं?"

त्याच्या घरी लग्नाचं बोलणं न्यायचं तर ते मुलीच्या बापानंच न्यायला हवं, आणि माझा बाप दोन वर्षं खाटेवरून हलला नव्हता. हे मला आत्ता, एवढ्या उशिरा कळत होतं.

"आता त्यायले गाडी घेऊन जाता येते," तो हळूच म्हणाला. "कुठी जावाचं, थे तू सांग."

"अन् बिघडला तं?"

"मी हाय न!"

गाडी पहिल्यांदा बाहेर निघाली तेव्हा बाबांशेजारी मी बसले होते. त्यांचा आखडलेला डावा पाय सारखा क्लच शोधत होता, आणि सापडेना तसे ते पोरासारखे हसत होते. ते हसणं मी विसरूनच गेले होते. फाट्यावर त्यांनी विचारलं, "कुठी जावाचं?"

"इंझोरी."

"त्याच्याकडं? कायले? गाडी तं झकास चालून राह्यली."

सीटला चिकटलेला कापूस मी उगाच खुडत बसले. मग म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

"बाबा... मले तो पसंत हाय."

गाडी थांबली. इंजिन नुसतं गुरगुरत होतं.

"म्हनून ड्रायव्हरकी नको म्हने," बाबा स्वतःशीच बोलले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "उतर खाली."

मी उतरले. दार लावलं.

"असल्या कामाले पोरीले संग नेत नसतात," बाबा म्हणाले. "जाय घरी पायी पायी. अन् मायले सांग, मले घरी याले उशीर होईन."

आणि गाडी इंझोरीच्या रस्त्याला लागली.